पुरे म्हणायला शिकणं

एप्रिल महिना आला की आमच्या ऑफिसात एक वेगळीच शांतता पसरते. अप्रेझलची पत्रं आलेली असतात. कोणी कोणाला आकडा सांगत नाही, पण तासाभरात सगळ्यांचे आकडे सगळ्यांना माहीत असतात! ज्याला चौदा टक्के मिळाले तो दहा वाजता खूश असतो, आणि शेजारच्याला अठरा मिळाले हे कळल्यावर साडेदहाला दुःखी. या अर्ध्या तासात त्याच्या खिशातून एक रुपयासुद्धा गेलेला नसतो.

मोशेच्या दहा आज्ञांपैकी शेवटची नेमकी याच अर्ध्या तासाबद्दल आहे. शेजाऱ्याचं घर, चाकर, बैल, गाढव यांचा लोभ धरू नको, अशी त्यात यादीच दिली आहे. नगरला संडे स्कूलमध्ये ती पाठ करताना आम्हाला हसू यायचं, कारण आमच्या शेजाऱ्यांकडे बैलही नव्हता आणि गाढवही नव्हतं. आता हिंजवडीत बसून वाचताना यादी अपडेट करायला फार डोकं चालवावं लागत नाही. वाकडचा थ्री बीएचके, सनरूफवाली गाडी, ऑनसाइट.

तर मंडळी, आजचा विषय समाधान. आता तुम्ही म्हणाल, एकोणतिसाव्या वर्षी समाधान? ते तर रिटायर झाल्यावर करायचं काम! पण मला या शब्दाची अडचण वेगळ्याच कारणाने वाटत आली आहे. माझे पणजोबा गावकुसाबाहेर राहायचे. आहे त्यात गोड मानून घ्या, हा उपदेश त्यांच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी गावाच्या तोंडून ऐकला होता. पणजोबांनी तो मानला नाही. त्यांनी मुलांना मिशनच्या शाळेत घातलं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे अशा कहाण्या आमच्याकडे घरोघरी सापडतील. पणजोबा तेव्हा 'समाधानी' राहिले असते, तर मी आज हे लिहायला इथे नसतो. म्हणून भरल्या पोटाच्या माणसाने रिकाम्या पोटाच्या माणसाला समाधान शिकवायला घेतलं की माझे कान टवकारतात.

याच कारणाने मला पौलाचं फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र आवडतं. अवघे चार अध्याय आहेत, चहा गार व्हायच्या आत वाचून होतात. पत्र लिहिणारा माणूस कैदेत आहे. त्या काळच्या रोमन कैदेत सरकारी डब्यावर भिस्त ठेवून चालत नसे, बाहेरच्या मित्रांनी काही आणलं तर आणलं. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली. पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल तिची पोच देतो, आणि देता देता सांगतो की कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. हे तो दुसऱ्या कोणा उपाशी माणसाला सांगत नाहीये. स्वतः साखळीत असताना स्वतःबद्दल सांगतोय. पणजोबांना गाव सांगायचं त्यात आणि यात हाच फरक आहे.

यातला 'शिकलो' हा शब्द मला इंजिनिअर म्हणून फार बरा वाटतो. म्हणजे समाधान हा जन्मजात स्वभाव नाही किंवा आकाशातून पडलेलं वरदानही नाही. ते सरावाने येतं, चुकतमाकत, जसं पोहणं येतं तसं. आणि समाधानासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द आहे 'ऑटार्केस'. स्टोइक तत्त्वज्ञांचा हा लाडका शब्द, अर्थ स्वयंपूर्ण, ज्याला कोणाचीच गरज नाही असा. पौल शब्द त्यांचा घेतो आणि अर्थ फिरवतो. पुढच्याच ओळींत तो म्हणतो की हे बळ माझं नाही, ख्रिस्ताकडून येतं. हेच ते प्रसिद्ध ४:१३. बास्केटबॉलवाला स्टीफन करी हे वचन बुटांवर मिरवतो, जिममधल्या पोस्टरवरही ते दिसतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की मी काहीही जिंकू शकतो असा त्याचा अर्थ आहे. पत्रात मात्र विषय जिंकण्याचा नाहीच. उपाशी असलो तरी निभावेन आणि भरपूर असलं तरी निभावेन, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

यातला पहिला अर्धा भाग आमच्या घरी २०२३ मध्ये येऊन बसला. बायकोची नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, संध्याकाळपर्यंत लॉगिन बंद. पुढचे सात महिने एका पगारावर घरभाडं, बहिणीच्या नर्सिंगची फी आणि नगरला बाबांची औषधं. उपासमार वगैरे अजिबात नाही, उगाच रडगाणं गात नाही. पण रात्री दोन वाजता छताकडे बघत बेरजा करणारी दोन माणसं घरात होती.

मंडळीतल्या एक मावशी दर बुधवारी डबा घेऊन यायला लागल्या. आम्ही कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्या बुधवारी बायको दार लावून म्हणाली, "आपल्यावर एवढी वेळ आली का रे?" दुसऱ्या बुधवारी तिने मावशींना तसं सांगूनही पाहिलं, अर्थात गोड शब्दांत. मावशी म्हणाल्या, "अगं, मला दोघांपुरतं शिजवताच येत नाही. आणि डबा घासत बसू नकोस, पुढच्या बुधवारी येतेच आहे मी." झालं, विषय संपला.

त्या दिवसांत फिलिप्पैच्या पत्रातली एक गोष्ट नव्याने दिसली. पौल समाधानी आहे, पण म्हणून तो मदत परत पाठवत नाही. माझ्या अडचणीत तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत, असं तो मोकळेपणाने सांगतो. आपल्याला कोणाचं काही नको ही ऐट वेगळी आणि समाधान वेगळं. समाधानी माणसाला डबा घेता येतो, आणि एखाद्या बुधवारी तो आला नाही तर त्याला मावशींचा रागही येत नाही.

असो. २०२४ मध्ये बायकोला नोकरी लागली आणि पौलाच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सुरू झाला, भरपूर असतानाचा. खरं सांगू? हा जास्त अवघड निघाला. नसताना काय करायचं ते परिस्थितीच ठरवून टाकते. असताना मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि रोज. दोन पगार सुरू झाल्याचा वास बँकांना आमच्या आधी लागला. प्री-अप्रूव्हड लोनचे फोन यायला लागले. कर्ज वीस वर्षांचं, हप्ता एका पूर्ण पगाराएवढा. म्हणजे पुन्हा एक नोकरी गेली की छताकडे बघणं आलंच, फक्त छत स्वतःचं!

लूकच्या बाराव्या अध्यायात येशूने एका श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. पीक उदंड येतं, तर हा जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो, आणि त्याच रात्री मरतो. पण उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफही मिसर देशात सात वर्षं कोठारं भरतो, आणि त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. फरक काय? योसेफाची कोठारं दुष्काळात इतरांसाठी उघडतात. त्या शेतकऱ्याच्या सगळ्या बेतात मात्र 'मी' आणि 'माझं' याखेरीज कोणीच नाही. म्हणजे साठवणं हा दोष नाही. कोठाराला दार आहे का, हा प्रश्न आहे.

आता आपल्या मातीतला माणूस. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे, आणि १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. समाधानाचा आदर्शच म्हणा ना. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली की त्याच गोष्टीची स्वयंपाकघरातली बाजू दिसते. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, समोर गरजू दिसला की गेला. संसार कसा चालवायचा ते लक्ष्मीबाईंनी बघायचं. त्या हे सगळं इतक्या हसत सांगतात की आपणही हसतो, आणि मग पुस्तक मिटल्यावर विचारात पडतो. एकाचं समाधान दुसऱ्याच्या पदराला खार लावून उभं असू शकतं.

म्हणून आमचा 'पुरे'चा आकडा मी एकट्याने ठरवला नाही. तीन रविवार आम्ही दोघं एक्सेल उघडून बसलो. मला भाड्याचं घर चालणार होतं. बायकोला स्वतःचं घर हवं होतं, आणि सात महिने घरमालकाच्या फोनची धास्ती घेतलेल्या माणसाला तू हावरट आहेस असं म्हणायची माझी तरी छाती नाही. शेवटी दोन खोल्यांचं, जुन्या सोसायटीतलं, बाल्कनी असलेलं घर ठरलं. बाल्कनी तिची अट. हप्ता असा की एका पगारात घर आणि हप्ता दोन्ही निघावेत. अडीअडचणीची सोय बाजूला काढून वर उरेल त्यातून बहिणीची फी, आणि एक पाकीट नोकरी गेलेल्या कोणासाठी तरी. त्या पाकिटाबद्दल मावशींनी एकच सूचना केली, कोणी मागायची वाट बघू नका.

आणि हो, पगारवाढ मी अजूनही मागतो. मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्यांना याकोबाच्या पत्रात चांगलंच सुनावलं आहे, तेव्हा समाधानी माणसाने हक्काचं सोडून द्यावं असं बायबल कुठे म्हणत नाही. फक्त मागून झाल्यावर जो आकडा येतो तो माझ्या पगाराचा असतो, माझा नसतो. हे दर एप्रिलमध्ये पुन्हा शिकावं लागतं. पौलालाही ते शिकावंच लागलं होतं, याचा आधार वाटतो.

वाकडचा थ्री बीएचके अधूनमधून डोळ्यांसमोर येतो, नाही असं नाही. अशा वेळी बायको म्हणते, "जाऊ दे रे, झाडायला तिसरी खोली कोणाला हवीये?"