कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे वडीलधारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती पायरी स्वतः चढून पाहिलेली असते, ही गोष्ट वेगळी! चिंचवडच्या स्थानकावर भल्या सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या सिंहगड एक्स्प्रेसची वाट पाहत नोकरदारांचे घोळके उभे असतात. त्यांच्यापासून थोडा बाजूला, काखेत कापडी पिशवी घट्ट धरून एखादा म्हातारा उभा दिसतो. पिशवीत भाकरी असते आणि भाकरीहूनही जपून ठेवलेली कागदांची चळत असते. त्याची त्या दिवशी हायकोर्टात तारीख असते.

तो इथवर कसा येऊन पोहोचला, हे समजून घेण्याजोगे आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढील काळात पिंपरी-चिंचवड, भोसरीपासून थेट चाकणपर्यंत माळ आणि शेते कारखान्यांखाली गेली. जमिनीचा मोबदला कमी मिळाला, असे ज्याला वाटले तो दिवाणी न्यायालयात गेला. तेथील निकालाने ज्या पक्षाचे समाधान झाले नाही, त्याने हायकोर्टात अपील केले. कारखान्यातून काढून टाकलेल्या कामगाराचीही वाट अशीच. पुण्याच्या कामगार न्यायालयात वा औद्योगिक न्यायालयात त्याचा खटला चालतो आणि त्या निकालाविरुद्ध कोणी रिट अर्ज केला, म्हणजे त्याला मुंबई गाठावी लागते. चाकणहून खेडला जाणे म्हणजे घटकाभराचा प्रवास; पुण्याचे शिवाजीनगर म्हणजे अर्धा दिवस; आणि मुंबई म्हणजे दिवस बुडाला, मजुरी बुडाली व वर भाड्याचे पैसे गेले. न्यायाची पायरी जसजशी उंच होते, तसतशी ती घरापासून दूरही जाते.

मुंबईत उतरल्यावर ओव्हल मैदानाच्या कडेने चालत जाणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या नजरेस जी वास्तू पडते, ती पाहून क्षणभर पाय थबकावेत अशीच ती आहे. काळ्या दगडाच्या भिंती, कमानींमागून कमानी, मध्यभागी उंच मनोरा आणि दोहों बाजूंच्या अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले, तेव्हा त्याला हे घर नव्हते. या इमारतीचे काम एप्रिल १८७१ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. आराखडा कर्नल जेम्स फुलर या लष्करी अभियंत्याचा. लांबी ५६२ फूट आणि रुंदी १८७ फूट. खर्चाचा अंदाज होता १६,४७,१९६ रुपयांचा; प्रत्यक्षात लागले १६,४४,५२८. अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमी! सरकारी बांधकामाच्या इतिहासात हा चमत्कारच म्हटला पाहिजे. १० जानेवारी १८७९ रोजी येथे पहिल्यांदा न्यायासन बसले. त्या काळी समुद्र आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होता आणि पश्चिमेचा वारा थेट व्हरांड्यांतून खेळत असे.

या वास्तूत गांभीर्य आहे, तशी थट्टाही आहे. एका खांबावर कोणा पाथरवटाने माकड कोरून ठेवले आहे. त्याच्या हाती न्यायाचा तराजू आहे, पण एक डोळा बांधलेला आहे आणि तराजूही समतोल नाही. कारागिराने कोणता राग असा दगडावर काढला, याविषयी निरनिराळ्या कथा सांगतात. खरे काय ते तो पाथरवट जाणे. परंतु ज्यांनी हे माकड खरवडून काढले नाही, त्यांच्या खिलाडूपणाचे मात्र कौतुक वाटते.

याच वास्तूच्या मध्यवर्ती दालनात जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायासनावर दिनशा दावर होते. १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या वतीने उभे राहून ज्यांनी त्यांना जामीन मिळवून दिला, तेच हे दावर! २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळकांनी या न्यायासनाहून श्रेष्ठ अशा शक्तीचा निर्वाळा दिला. त्यांचे ते शब्द आज त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्या शिलेचे अनावरण केले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्याच न्यायालयाने शिक्षा झालेल्याचे शब्द आपल्या भिंतीवर मानाने लावावेत, असे प्रसंग जगात फार घडत नाहीत.

अशा वास्तूला हात लावायचा म्हटले की, माणसे हळवी होतात. पण हात लावल्यावाचून चालेना, अशी वेळ आली. १८६२ मध्ये अवघ्या सात न्यायाधीशांनिशी काम सुरू झाले होते. आज नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोवा येथील खंडपीठे धरून मंजूर पदे ९४ आहेत. मुंबईत मागे जोडइमारत उभी राहिली, तीही भरली. कागदांचे गठ्ठे ठेवायला जागा नाही, वकिलांना बसायला जागा नाही आणि पक्षकाराची तर गणतीच नाही. फुलर यांनी दालने उंच केली, जिने डौलदार केले. परंतु दिवसभर ताटकळणाऱ्या शेकडो माणसांनी कोठे टेकावे, हा प्रश्न त्यांच्या आराखड्याला पडलेला दिसत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही वास्तू जितकी भरभरून देते, तितकी ती आत थांबणाऱ्याला देत नाही.

मग वाद सुरू झाला, आणि तो बरीच वर्षे चालला. कोणी म्हणाले, आहे तेथेच वाढवा. परंतु कोठे वाढवणार? एका बाजूस विद्यापीठ व राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूस सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी कचेरी आणि समोर मैदान. हा सारा समूह २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तेव्हा भिंत फोडणे किंवा मजला चढवणे हे बोलायलाही नको. कोणी म्हणाले, हलवा. गोरेगावला न्या, वांद्र्याला न्या. त्यावर फोर्टमधील वकील अस्वस्थ झाले. शंभर-सव्वाशे वर्षांत कोर्टाभोवती वकिलांच्या कचेऱ्या, कायद्याच्या पुस्तकांची दुकाने, टंकलेखक, झेरॉक्सवाले यांचे एक गावच वसले आहे. कोर्ट उठले की, ते गावही उठते. आणि ज्या वांद्र्याच्या सरकारी वसाहतीची जागा सुचवली गेली, तेथे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे विचारू लागली, की न्यायाला घर द्यायचे ते आमचे घर काढूनच का? त्यांचा प्रश्न काही गैर नव्हता.

वादात एक बाजू खरी आणि दुसरी खोटी असली की, निकाल सोपा असतो. येथे सगळ्यांचेच थोडेथोडे खरे होते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये वकिलांच्या संघटनांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्या न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले आणि वांद्रे पूर्व येथील ३०.१६ एकर जागा देण्याचे ठरले. सप्टेंबर २०२४ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश गवई यांच्या हस्ते नव्या संकुलाची कोनशिला बसली. इमारत न्यायमंदिर व्हावी, तिचे सप्ततारांकित हॉटेल होऊ नये, अशा आशयाचे ते त्या वेळी बोलले. हे बोलणे नुसते बांधणाऱ्यांनीच नव्हे, तर त्या इमारतीत बसणाऱ्यांनीही ऐकून ठेवावे असे आहे.

जुन्या वास्तूचे पुढे काय व्हावे? तिचे नुसते संग्रहालय करणे म्हणजे पोपट उडाल्यावर पिंजऱ्याला रंग देणे. काही दालनांत तरी न्यायदान चालू राहिले पाहिजे. याबाबतीत कोल्हापूरचे उदाहरण ताजे आहे. तेथील जिल्हा न्यायालय कसबा बावड्यातील नव्या इमारतीत गेले आणि भाऊसिंगजी रस्त्यावरील जुनी दगडी कोर्ट-इमारत मागे राहिली. पुढे १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापूरला बसू लागले, ते त्याच जुन्या इमारतीत. डागडुजी झाली, दारे उघडली आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील माणसाचा मुंबईचा हेलपाटा वाचला. जुने घर टाकून द्यावे लागले नाही आणि न्याय चार पावले जवळ आला. याहून चांगली डागडुजी कोणती?

पुणे जिल्हा मात्र त्या सहांत नाही. पिंपरी-चिंचवडचे आपले स्वतःचे न्यायालयही कित्येक वर्षे मोरवाडीच्या अपुऱ्या जागेत दाटीवाटीने चालले, मग नेहरूनगरला गेले आणि मोशी येथे संकुलासाठी जागा राखली गेली. ज्या परिसरात देशातील मोठमोठे मोटार कारखाने सुबक छपरांखाली उभे आहेत, तेथे न्यायालयाने भाडेकऱ्यासारखे या जागेतून त्या जागेत फिरावे, हे दृश्य शोभादायक नाही. मुंबईच्या दगडी कमानींवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या दशांशाने तरी या जागांची चर्चा व्हावयास हवी होती. पण मोरवाडीला मनोरा नव्हता आणि कोरीव माकडही नव्हते!

दूरचित्राद्वारे सुनावणीची सोय २०२० पासून रुळली आहे आणि वकिलांचे पुष्कळ हेलपाटे तिने वाचवले आहेत. म्हाताऱ्याच्या घरी मात्र ती पोहोचलेली नाही. आपले प्रकरण न्यायमूर्तींपुढे निघते तेव्हा आपण समोर असावे, एवढीच त्याची इच्छा असते. तेथे चाललेले इंग्रजी त्याला कळत नाही, तरी तो येतो. नवे संकुल झाले म्हणजे त्याला दादरला उतरून लोकलने वांद्र्यास जाता येईल. काही वेळ वाचेल. तेथे जिन्याऐवजी उद्वाहक असेल, बसायला बाक असेल, प्यायला पाणी असेल, अशी आशा करावी.

तूर्त तो जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा आहे. पाच वाजण्याच्या सुमारास वकिलांचा कारकून येतो आणि सांगतो, "बाबा, आज आपला नंबर लागला नाही. पुढची तारीख कळवतो." म्हातारा मान डोलावतो, कागद पुन्हा पिशवीत घालतो आणि स्थानकाची वाट विचारून घेतो. ती त्याला ठाऊक असते, तरी विचारतो.