ओम्नी, माळशेज आणि हातभर पाइप

शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याच्या ऑफिसमध्ये बॉसची मीटिंग चालू असते आणि माझं डोकं मात्र माळशेजला पोचलेलं असतं. खाली माझी 1998ची मारुती ओम्नी उभी. मागे फळ्या, वर गादी, एक छोटा गॅस. बस्स, झाली आपली कॅम्परव्हॅन! गाडीच्या रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, म्हणून आपलं सगळं सुटं. सोमवारी फळ्या परत घरात.

रूट ठरलेला. मुंब्रा, शिळफाटा, डोंबिवलीत मित्राला उचलायचं, मग पत्री पूल, शहाड, मुरबाड, टोकावडे आणि घाट. नकाशावर एकदम सोपं. पण कल्याण-शिळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर पहिल्या गिअरवर रांगलं की ओम्नी मान टाकायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू! पुढे घाटाच्या चढावर आचके. आणि या सगळ्यात सीटखालून पेट्रोलचा हलकासा वास.

'जुनी गाडी आहे, वास येणारच,' असं म्हणत आम्ही काच खाली करायचो. आणि रात्री त्याच गाडीत गॅस पेटवून चहा टाकायचो. आज आठवलं तरी घाम फुटतो राव.

शेवटी डोंबिवलीतल्या एका मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "रात्री झोपता कुठे?"

"हिच्यातच, काका."

ते काही बोलले नाहीत. पुढची सीट उचलली (ओम्नीचं इंजिन तिथेच असतं), पेट्रोलचा रबरी पाइप बोटांत धरून वाकवला. हातभर पाइप, पण भेगाच भेगा आणि बोटं ओली. "आधी हा. घाटबिट नंतर."

मग त्या दुपारी माझी शिकवणी झाली. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं, पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि जुन्या मेकॅनिकल पंपाला वाफ काही ढकलता येत नाही, म्हणून गाडी बंद. टाकीतला गंज फिल्टरमध्ये अडकतो. चढावर पेट्रोल जास्त लागतं आणि नेमकं तेव्हाच कमी मिळतं, म्हणून आचके. आठवडाभर गाडी उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि जेट बुजतात.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल. 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य देशाने 2025 मध्ये गाठलं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, गॅस्केट त्यासाठी बनलेलेच नाहीत. 1984 मध्ये आलेली ही व्हॅन 2019 मध्ये बनायची थांबली. म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्याच ओम्नी आता वयस्कर!

तर मंडळी, आपला फंडा असा. पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचेच घ्या, क्लिपाही नव्या. फिल्टर स्वस्त असतो, पावसाळ्याआधी आणि नंतर बदला. टाकी एकदा उतरवून धुवा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, आत पाणी धरतं. आठवड्यातून एकदा तरी फेरी मारा. पेट्रोलचा सुटा कॅन गाडीत नको, आग विझवायचा सिलिंडर मात्र हवाच. गॅस कायम गाडीबाहेर, लांब. आणि वास आला तर काच खाली करू नका, गाडी बाजूला घेऊन बंद करा.

त्यानंतरच्याच शुक्रवारी निघालो. शिळफाट्याचा जॅम तसाच, पण ओम्नी एकदाही बसली नाही. माळशेजला पोचलो तेव्हा दरीतून धुकं वर येत होतं. मित्राने दहा पावलांवर गॅस मांडला. मी सीट उचलून आत डोकं घातलं.

"काय हुंगतोयस?"

"काही नाही. कसलाच वास येत नाहीये. टाक चहा."