बंदरावरचे लाकूड, परसातले दोडके

वास्कोत आमच्या घरामागे दहा-बारा हात मोकळी जागा आहे. वर चार बोटे माती आणि खाली जांभ्याचा कातळ. पावसाळ्यात तिच्यावर गवत माजावे आणि दिवाळीनंतर तेही करपून जावे. बंदरातील नोकरीमुळे आम्ही येथे स्थायिक झालो, तेव्हाच बागेचा विचार मनातून काढून टाकला होता.

वडील गेल्यावर, २०११ साली, आई डिचोली तालुक्यातील मूळ घर सोडून आमच्याकडे आली. जिने आयुष्यभर कुळागरात पोफळी-केळींना पाटाचे पाणी वळवले, ती आता मागच्या दारी बसून कातळाकडे पाहत राही. तिची तक्रार अशी काही नव्हती, परंतु आठ-दहा दिवसांनी एकदा ती विचारी, "मला घरी कधी नेऊन सोडणार?" ते घर आता चतुर्थीपुरतेच उघडते. तेथे तिला एकटीला ठेवणे शक्य नव्हते, आणि तसे तोंडावर सांगण्याचे धैर्य आम्हा उभयतांना होत नव्हते.

बंदराच्या आसपासच्या गोदामांत माल लाकडी चौकटींवर रचलेला असतो. त्यांना पॅलेट म्हणतात. बहुधा चार फूट लांब, सव्वातीन फूट रुंद आणि वीतभर उंच. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामान झपाट्याने हलविण्याच्या निकडीतून त्यांचा जगभर प्रसार झाला. मोडकी पॅलेटे शेवटी भंगारवाल्याकडे जातात आणि पुष्कळदा चुलीत जळतात. आम्ही भंगारवाल्याकडून दोन आणली, उभ्या फळ्यांचा एक वाफा केला आणि त्यात तांबडी भाजी पेरली.

भाजी तरारून आली. महिन्याने सौ. खुडावयास गेली, तेव्हा आई तिच्या मागोमाग वाफ्यापाशी आली. तिने ओल्या फळीवरचा एक काळसर डाग बोटाने घासला, बोट नाकाशी नेले आणि एक शब्द न बोलता सारी भाजी मुळासकट उपटली. "कोंबड्यांनासुद्धा घालू नका," एवढेच ती म्हणाली. आम्हांला राग आला. महिनाभराची मेहनत अशी मातीमोल झाली, आणि तीही एका वासापायी!

पुढे बंदरातील एका जाणत्या सहकाऱ्याने आमचे डोळे उघडले. लाकडातून किडी देशोदेशी पसरू नयेत म्हणून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्यानुसार परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि प्रक्रियेची अक्षरे उमटवलेली असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटे तापवलेले. ते बागेला चालते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते घरात आणूच नये. रंगवलेली पॅलेटे पुष्कळदा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या मालकीची असतात, त्यांना हात लावू नये. आमच्या पॅलेटांवर तर कसलीच खूण नव्हती. आणि खूण असली तरी ती केवळ किडींविषयी सांगते. त्या लाकडावर पुढे कोणते तेल वा रसायन सांडले, हे ती सांगत नाही. ते ओळखायला आईचे नाकच हवे होते. आम्ही मनोमन वरमलो.

दुसऱ्या खेपेस आईला घेऊनच भंगारवाल्याकडे गेलो. आम्ही अक्षरे वाचावीत, तिने वास घ्यावा. दहांतून चार पसंत पडली. पहारीने उचकटताना फळ्या फुटतात, म्हणून खिळ्यांच्या कडेने करवतीने कापल्या. वाफे थेट जमिनीवर न ठेवता चिऱ्यांवर ठेवले, म्हणजे वाळवी लागत नाही आणि पाणी निचरून जाते. आतून गोणपाट, तळाशी नारळाची सोडणे, वर माती आणि शेणखत. सोडणांची युक्ती आईची; ती ओल धरून ठेवतात. उरलेले एक पॅलेट भिंतीला टेकवून उभे केले, ते वेलांसाठी. इतके करूनही आपल्या पावसात हे लाकूड दोन-तीन वर्षेच टिकते. नंतर फळ्या बदलाव्या लागतात. फुकटची बाग म्हणून याकडे कोणी पाहू नये.

मृगाच्या पावसावर आईने दोडके आणि काकडी लावली. रोज सकाळी ती वेलांची टोके फळ्यांतून ओवून घेई. घरी नेऊन सोडण्याचा प्रश्न कधी थांबला, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

भाद्रपदात चतुर्थीसाठी मूळ घरी निघालो. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी इतकी वर्षे सारे काही तिकडच्या परड्यातून निघे, आणि परतताना तेथलेच नारळ आम्ही वास्कोला आणत असू. त्या वर्षी आईच्या मांडीवर एक टोपली होती. चार दोडके, तीन काकड्या. घरी पोहोचताच तिने स्वतःच्या हाताने ती फळे माटोळीला बांधायला दिली. शेजारणीने विचारले, "वयनी, एवढे दोडके कुठले?"

"आमच्या परड्यातले," आई म्हणाली, "वास्कोचे."

चतुर्थी आटोपल्यावर तिला आमच्याबरोबर परत चल म्हणून सांगावे लागले नाही. वेलांना पाणी कोण घालणार, या काळजीने तीच आमच्या आधी गाडीत जाऊन बसली होती.