उतारावरची गाडी आणि 'पी'चा भरवसा

हिंदुस्थान सोडून येथे आलो तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांकडे मोटार होती. आज पुष्कळ घरी आहे, आणि बहुधा ऑटोमॅटिक गिअरची. क्लच दाबणे नाही, गिअर बदलणे नाही; दांडी 'पी'वर नेली की गाडी खुंट्याला बांधली, अशी आपली समजूत असते. ती नेहमीच खरी ठरत नाही.

हैफा हे कारमेल डोंगराच्या अंगावर वसलेले शहर. आमच्या गल्लीत सपाट जागा औषधालाही सापडत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या गाडीने नवेच खूळ काढले. दांडी पीवर, समोर पीचा दिवाही लागलेला. पण ब्रेकवरचा पाय सैल करताच गाडी 'कट् कट् कट्' करीत उताराला लागे. पाय ब्रेकवरच असे म्हणून ती लगेच थांबे. हँडब्रेक ओढून वेळ भागत होती, पण एकाच दोरावर किती दिवस विसंबणार? आमच्या आईचे वय ८६. गाडीतून उतरताना आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा. एक पाय रस्त्यावर असताना गाडी सरकली तर? आईने सांगून टाकले, "मी आपली बसने जाईन." डॉक्टरकडे जायला दोन बसेस! आम्हांला रात्री झोप येईना.

जवळच्या मुसाखमध्ये सांगण्यात आले की गिअरबॉक्सचे तेल बदलून पाहा, नाही तर सगळा गिअरबॉक्सच बदला. किंमत ऐकून आम्ही घरी आलो आणि मामांना बोलाविले. मामांची उमेद मुंबईत परळच्या रेल्वे वर्कशॉपात गेलेली. ते हसून म्हणाले, "अरे, आपण शनवार तेली. तेलाने काय बरे होते आणि काय होत नाही, हे आपल्याला कोण शिकवणार?"

मग त्यांनी समजावून सांगितले. पीमध्ये तेलाच्या दाबाचे काहीच काम नसते. गिअरबॉक्सच्या आत चाकांकडे जाणाऱ्या भागावर एक दातेरी चक्र असते, आणि पीवर दांडी नेली की एक लहानसा लोखंडी अडसर त्याच्या खाचेत बसतो. गाडीचे सारे ओझे त्या बोटभर अडसरावर! वीतभर सरकून हिसका देऊन थांबली, तर अडसर खाचेत पडला एवढेच. त्यात दोष नाही. पण सरकतच राहिली, तर दोष शोधावा.

पहिली खूण आवाजाची. कटकट वाजते म्हणजे अडसर दातांना लागतो, पण पुरता खाली बसत नाही. आवाज मुळीच नसेल, तर अडसर पोचतच नाही, किंवा चाकाकडचा दांडा तुटला आहे. आमची गाडी 'डी'मध्ये नीट चालत होती, म्हणजे दांडा शाबूत. दुसरी खूण चावीची. पीमध्ये इंजिन कधी कधी सुरू होत नसे, 'एन'मध्ये मात्र लगेच होई. म्हणजे आपल्या हातातली दांडी पीवर पोचे, पण गिअरबॉक्सवरची कांडी मागेच राही. मधली केबल संशयित ठरली.

मोकळ्या सपाट जागी, इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दोन्हीकडून धोंडे लावून बॉनेट उघडले. आम्ही आत दांडी हलविली, मामा कडेला उभे राहून पाहत होते. केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची बुश झिजून ढिली झाली होती. केबल सोडवून कांडी हाताने शेवटपर्यंत ढकलली, तेव्हा गाडी जागची हलली नाही. नवी बुश घातली, केबल नीट बेतली आणि काम झाले. एवढ्यानेही धरली नसती, तर अडसर किंवा दातेच झिजले असे समजून गिअरबॉक्स उघडावा लागला असता.

ही गोष्ट आमच्याच गाडीची नव्हे. पीवर ठेवलेल्या गाड्या निसटून मागे जातात अशा तक्रारींवरून फोर्ड कंपनीने अमेरिकेत १९८० च्या अखेरीस झालेल्या समझोत्यानुसार सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना इशाऱ्याच्या चिठ्ठ्या पाठविल्या.

बोरघाटात लॉरी थांबली की क्लीनर आधी धोंडा घेऊन उडी मारी, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. तोच विचार येथेही ठेवावा. थांबताना ब्रेक दाबूनच एनवर जावे, हँडब्रेक ओढावा, गाडीचे ओझे त्यावर पडू द्यावे, आणि मग पी लावावा. तोंड उताराकडे असेल, तर पुढची चाके फुटपाथकडे वळवावीत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे एक पुढचे चाक जॅकवर उचलले, तर पी असूनही गाडी सरकू शकते. तेव्हा मागच्या चाकांना धोंडे लावल्याशिवाय जॅक लावू नये.

आई आता पुन्हा गाडीत बसते. पण उतरण्याआधी हँडब्रेककडे काठीने बोट दाखवून विचारते, "ओढलास ना रे?" घरोघरी हा प्रश्न विचारला जावा, एवढीच आमची इच्छा.