इंग्रजी वाक्याचा पहिला शब्द

इंग्रजी वाक्य ‘अँड’ किंवा ‘बट’ने सुरू करू नये, असे शाळेत सांगितले जाते, महाराष्ट्रातही इंग्रजीच्या तासाला हेच कानावर पडते. व्याकरणात याला आधार नाही. 1611च्या किंग जेम्स बायबलमधील पहिल्या अध्यायाची 31 पैकी 29 वचने ‘अँड’ने सुरू होतात. हिब्रूतील उभयान्वयी अव्यय भाषांतरकारांनी जपले आणि इंग्रजी गद्याला त्याचा ठेका लाभला. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ही ही बंदी निराधार ठरवते. अट एकच: आधीच्या वाक्याशी नाते खरे हवे. विरोध नसताना आलेला ‘बट’ वाचकाला उगाच थबकवतो.

‘हाउएव्हर’चे प्रकरण अधिक नाजूक आहे. ‘तथापि’ या अर्थाने तो वाक्यारंभी नको, असे विल्यम स्ट्रंक यांच्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’मध्ये सांगितले आहे. आज हा आग्रह फारसा कुणी धरत नाही, पण त्यामागचे कारण मोलाचे आहे. पुढे स्वल्पविराम असेल तर अर्थ ‘तथापि’. ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइड’मध्ये मात्र ‘त्याने कितीही प्रयत्न केला तरी’. एका स्वल्पविरामावर सारे वाक्य फिरते. साध्या विरोधासाठी म्हणूनच आखूड, ठाम ‘बट’ अधिक चांगला.

‘बिकॉज’ने सुरुवात करायलाही हरकत नाही, मुख्य वाक्य पुढे यायला हवे. ‘बिकॉज इट रेन्ड’ एवढ्यावर पूर्णविराम दिला तर विधान अर्धेच राहते.

मराठी भाषकाने खरे जपायचे ते ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘नॉट ओन्ली’ या शब्दांना. ते आरंभी आले की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: ‘नेव्हर हॅव आय सीन’. मराठीत ‘कधीच’ आधी आणले तरी क्रियापद जागचे हलत नाही, त्यामुळे ही उलटापालट सुचतच नाही. ‘वॉकिंग’सारख्या धातुसाधितानेही वाक्य खुशाल उघडावे, मात्र चालणाराच त्या वाक्याचा कर्ता असावा. ‘वॉकिंग डाउन द रोड, द टेम्पल केम इन्टू व्ह्यू’ या वाक्यात रस्त्याने देऊळच चालू लागते. हा दोष ‘अँड’पेक्षा कितीतरी गंभीर आहे.

वाक्यारंभी येणारा, ‘आशा आहे की’ या अर्थाचा ‘होपफुली’ असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2012मध्ये मान्य केला. आकडा आरंभी आल्यास तो अक्षरी लिहावा किंवा वाक्य फिरवावे. असोसिएटेड प्रेसची शैली वर्षाच्या आकड्यासाठी अपवाद करते.