निळी पाटी

लेकीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियाला गेले, तेव्हा माझ्या बॅगेत डिंकाचे लाडू, कुंची आणि मऊ दुपटी होती. तिला मात्र एकच घाई होती : बाळाची कार सीट तपासून घ्यायची. आणि तपासणार कोण, तर फायर ब्रिगेड! आमच्या पुण्यात बंब येतो तो आग लागल्यावर, झाड पडल्यावर, नाहीतर मांजात अडकलेला पक्षी सोडवायला.

सगळ्याच फायर स्टेशनांवर ही सोय नसते, म्हणून लेकीने आधी फोन करून वेळ घेतली होती. तिथल्या जवानाने या कामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं. मला वाटलं, हा पाच मिनिटांत सीट आवळून देईल. त्याने हातच लावला नाही. "बसवायची तुम्ही, मी बघतो," म्हणाला. बरोबरच आहे, पुढे कधी सीट काढून परत लावायची वेळ आली, तर तो थोडाच घरी येणार?

जावयाने भक्कम व्हावी म्हणून गाडीचा पट्टा आणि खालचे हुक दोन्ही लावले होते. बहुतेक सीटना ते चालत नाही. दोन्हींपैकी एकच लावायचं. मग जावयाने सीटवर गुडघा रोवून, घामाघूम होत पट्टा ओढला. जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवल्यावर सीट एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. समोरून धडक बसली, तर इवल्या मानेवर सगळा ताण न येता धक्का पाठीवर पसरतो. तिथे दोन वर्षांपर्यंत हा कायदाच आहे. वजनाने किंवा उंचीने फार मोठ्या मुलांना तेवढी सूट.

मग एक बाहुली आणली. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत. जाड कपडे पट्ट्याच्या आत नकोत, पांघरूण वरून घालायचं. कुंचीचं काय, हे लेकीने माझ्याकडे बघत विचारलंच. तीही नंतर, वरून.

आपल्याकडेही २०२२ साली नियम झाला : दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, वेग चाळीसच्या आत. लक्ष्मी रोडवर तसा पट्टा बांधलेलं एकही मूल मला अजून दिसलेलं नाही.

जावई पुन्हा पहिल्यापासून सीट बसवत होता, तेव्हा मी भिंतीवरची निळी पाटी बघत होते. दोन हातांत धरलेलं बाळ. मला वाटलं, याच तपासणीची जाहिरात. जवानाने सांगितलं ते वेगळंच. ज्या आईला मूल सांभाळणं शक्य नाही, तिने ते जन्मापासून ७२ तासांत इथे आणून द्यावं. बाळ सुखरूप असलं, की नाव विचारत नाहीत, गुन्हा नोंदवत नाहीत. बाळाच्या पायात खुणेचा पट्टा बांधतात, तसाच आईला देतात. मन बदललं तर चौदा दिवसांत ती परत मागू शकते. कॅलिफोर्नियात हा कायदा २००१ पासून आहे; टेक्ससने तो सर्वांत आधी, १९९९ मध्ये केला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या पुण्यात हे १८६३ साली होतं." लेक चमकली. मग तिला दुभाषी करून मी जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या बालहत्या प्रतिबंधक गृहाबद्दल सांगितलं. फसलेल्या विधवेने तिथे गुपचूप यावं, बाळंत व्हावं. मूल न्यायचं की ठेवायचं ते तिने ठरवावं. सरकारी कायदा नव्हता. होतं ते एका नवराबायकोचं घर, आणि तेही सनातनी पुण्यात.

"मग त्या मुलांचं पुढे काय झालं?" जवानाने विचारलं.

सगळ्यांचं मला कुठलं सांगता येणार? एकाचं सांगितलं. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवलं, आणि तो डॉक्टर झाला.

तो आणखी काही विचारणार होता, पण पुढची वेळ घेतलेलं जोडपं दारात येऊन उभं होतं.