दोन सिस्टिम, एक सामाईक पार्टिशन

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, आणि ते हौसेपायी नाही. मराठीचं काम लिनक्सवर छान होतं, पैसे पडत नाहीत. उर्दूचं तसं नाही. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये आहेत. जुन्या इनपेजच्या फायली युनिकोडमध्ये नसतात, आणि तो प्रोग्राम विंडोजचा. म्हणजे विंडोज काढून टाकलं तर माझी निम्मी उर्दू बंद कपाटात. मग दोन्हीकडून लागणाऱ्या फायलींच्या सामाईक पार्टिशनला फाइल सिस्टिम कोणती द्यायची?

लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनला ईएक्सटी४, यात वाद नाही. पण विंडोजला ती आपणहून वाचता येत नाही. फॅट३२ दोघांनाही चालते, पण ४ जीबीची एक फाइलही तिच्यात मावत नाही. स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण तिथेच अडतं. उरली एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केला, आता लिनक्सही तिला थेट ओळखतं. बरेच जण तीच सुचवतात. पेनड्राइव्हला ठीक आहे, पण तिच्यात जर्नल नाही.

जर्नल म्हणजे कच्ची नोंदवही. डिस्कवरच्या रचनेत बदल करण्याआधी तो तिथे टिपला जातो; मध्येच वीज गेली तर परत सुरू होताना त्यावरून सावरता येतं. आमच्याकडे वीज सांगून जात नाही आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली आहे. एनटीएफएसमध्ये जर्नल आहे, आणि २०२१ पासून तिच्यात लिहिणारा नवा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आला आहे. माझी निवड तीच.

दुसरं कारण नावांचं. ईएक्सटी४ मध्ये फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'विद्यार्थ्यांच्या' या एका शब्दाला ५१ बाइट! उर्दूतल्या 'तलबा'ला अवघे ८. तिथे अक्षराला २ बाइट, आणि जेर-जबर कोणी लिहीतच नाही. एनटीएफएस मात्र दोन्ही लिप्यांना सारखंच मोजते, २५५ चिन्हं. फायलींना लांबलचक मराठी नावं द्यायची आपल्या शिक्षकांची सवय पाहता हे महत्त्वाचं आहे. (गंमत म्हणजे विंडोज नावात आपलं प्रश्नचिन्ह घेत नाही, उर्दूचं उलटं मात्र निमूट घेतं. त्याच्या लेखी ते वेगळंच चिन्ह.)

एक काम मात्र आधी करा: विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं, आणि लिनक्स त्या पार्टिशनमध्ये लिहायला नकार देतं किंवा नुसतं वाचू देतं. तो नकार योग्यच आहे, जबरदस्ती करू नका. आणि एनटीएफएस खरोखर बिघडलीच तर दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच करावी, लिनक्सच्या साधनांनी ते पुरेसं होत नाही. इनपेजसाठी विंडोज ठेवलेलं आहेच.